प्रेस हाऊसजवळची भिंत

फ्रान्समधल्या एका लहानशा गावातून मी एका म्हातारीला नऊ ठिकाणांहून पुसून टाकलं. ते गाव मी पाहिलेलं नाही, आणि ती बाई मला कधी भेटली नाही. पुसणं हे माझं काम होतं आणि ते मी मन लावून केलं. पुढे तिची मुलगी तिला मागायला आली. आईची एक शेवटची आकृती तिला हवी होती, एवढंच. ती जगात फक्त आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर होती, आणि मी ती ठेवली नव्हती.

आधी कामाविषयी सांगते. शारजाच्या औद्योगिक भागात आमचं वर्कशॉप आहे. हॉटेलं, मॉल, करमणुकीच्या जागा यांच्यासाठी आम्ही खोट्या भिंती, खोटे खडक, खोटी झाडं बनवतो. खाली फोम कापणारी मशीनं, गिलावा आणि रंग, वर काचेच्या केबिनमध्ये आम्ही ड्रॉइंगवाले. मी अजमानहून सकाळी पावणेसातच्या कारलिफ्टने, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून ठरवलेल्या गाडीने निघते.

नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव माझं. वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागा छाटायचे, अजून छाटतात. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सहा कॉम्प्युटर होते, त्यातले चार चालायचे. मी पहिल्या एसटीने यायचे, शिपाई उशिरा यायचा, म्हणून सरांनी लॅबची एक चावी माझ्याकडे देऊन ठेवली होती. सकाळचे ते दोन तास मला मिळाले नसते तर आज मी या केबिनमध्ये नसते. हे मी सरांना पत्रात लिहिलं होतं. त्यांनी उलट लिहिलं, चावी परत करायची राहिली आहे.

दुबईतल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला वातानुकूलित हॉलमध्ये जेवणाखाण्याची जागा करायची होती. ती दिसायला हुबेहूब फ्रान्समधल्या वाइनच्या गावासारखी हवी होती. डिझायनरच्या मनातलं गाव चालणार नव्हतं, खरंच असलेलं एक गाव हवं होतं. एका गावाने परवानगी दिली. तिथल्याच एका मोजणीच्या कंपनीने मार्च महिन्यात ते गाव लेसरने मोजलं आणि फाइली आमच्याकडे आल्या.

मोजणीचं मशीन तिपाईवर ठेवतात. ते सावकाश स्वतःभोवती फिरतं आणि चहूकडे किरण सोडतं. किरण जिथे आदळेल तिथे एक ठिपका. एका जागी पाच-सहा मिनिटं, मग तिपाई उचलून पुढे. अशा चौदा जागांवरून गाव मोजलं होतं. सगळे ठिपके एकत्र केले की स्क्रीनवर गाव उभं राहतं. रंगीत फोटो करारात नव्हते, म्हणून सगळं राखाडी. चाळीसेक घरं, मधे चौक, चौकात पाण्याचा दगडी हौद, एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला द्राक्षं पिळायची जुनी दगडी शेड. ड्रॉइंगवर तिला आम्ही प्रेस हाऊस म्हणायचो. शेडच्या मागे लगेच चढ आणि चढावर वेलींच्या ओळी. माउसने ढकलत गेलं की आपण भिंतीतून आरपार जातो. पलीकडे काही नसतं. मशीनला बाहेरूनच दिसलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक घराच्या आत काळोख.

या गावातून नको त्या वस्तू काढायच्या होत्या. गाड्या, सायकली, कचऱ्याचे डबे, कुत्री आणि माणसं. आमचे साहेब लेबनॉनचे. त्यांनी मला काम देताना म्हटलं, "मला गाव रिकामं हवंय, हबीबी. माणसं इथली येतील."

माणसं काढणं हे डोक्याचं काम नाही, पण पहिले काही दिवस जड जातं. चालत्या माणसाचा पट्टा उमटतो, ओल्या चिखलातून काही ओढत नेल्यासारखा. कुत्र्याला सहा पाय येतात. मशीनचा किरण पोचेपर्यंत कोणी दारातून आत गेला असेल, तर उंबऱ्यावर नुसता एक पाय उरतो. मी ते सगळं निवडून पुसत होते आणि त्याची सवयही झाली होती.

तिसऱ्या जागेच्या फाइलमध्ये ती भेटली. ती पूर्ण होती. एकही ठिपका हललेला नव्हता. डोक्याला रुमाल, गुडघ्याखाली जाणारा एप्रन, पोटावर एका हातावर दुसरा हात. तोंड मशीनकडे. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती, कारण ओल्या आणि चमकणाऱ्या वस्तूंवरून किरण नीट परत येत नाहीत. हे मला माहीत होतं. तरी मी ती चौकट लहान करून पाणी प्यायला गेले.

चौथ्या जागी ती हौदाशी उभी होती. पाचव्या जागी एका बंद दुकानापुढे. सातव्या जागी वेलींच्या कडेला. तसाच रुमाल, तसेच हात. चौदापैकी नऊ जागी ती सापडली. ती मशीनच्या बरोबरीने गावभर फिरली होती, हे कळायला काही अवघड नव्हतं. पण ठिपक्यांच्या गावात आधी आणि नंतर असं काही नसतं. सगळ्या फाइली एकदम उघडल्या की गावात नऊ म्हाताऱ्या एकाच वेळी उभ्या असायच्या. शेजारच्या मल्याळी मुलाला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "मॅडम, आपकी सास आ गयी. चाय पूछो."

त्या आठवड्यात मुलीच्या शाळेला सुट्टी होती आणि घरी कोणी नव्हतं, म्हणून तिला ऑफिसात आणलं होतं. दहा वर्षांची आहे. ती माझ्या मागे उभी राहून बघत होती.

"ममा, व्हाय इज शी लुकिंग ॲट अस?"

मी म्हटलं, आपल्याकडे नाही गं, ती मशीनकडे बघतेय.

"सेम थिंग," ती म्हणाली आणि पुन्हा आपल्या टॅबकडे वळली.

मी म्हातारीला एकेका जागेवरून काढलं. माणूस किरण अडवतो, त्यामुळे त्याच्या मागचं मशीनला दिसत नाही. म्हणून माणूस पुसला की मागच्या भिंतीत त्याच्याच आकाराचं भोक उरतं. आठ जागी ते भोक दुसऱ्या फाइलीतल्या ठिपक्यांनी आपोआप भरलं, कारण तीच भिंत दुसऱ्या बाजूनेही मोजलेली होती. नववी जागा प्रेस हाऊसच्या लगतची गल्ली. ती इतकी अरुंद की मशीन तिथे एकदाच लावलं होतं, आणि ही बाई भिंतीला पाठ लावून उभी. तिला पुसल्यावर दगडी भिंतीत तिचा आकार राहिला. रुमालाची गोलाई, खांदे, दोन्हीकडे बाहेर आलेली कोपरं. त्यातून पलीकडचा काळोख दिसत होता.

मी भोकावर गुळगुळीत पडदा ओढला, डावीकडचे दगड उचलून त्यावर बसवले आणि फाइल बंद केली. डावीकडून दगड घेताना उजवीकडच्या सांध्यांशी ते जुळतात का, हे मी तपासलं नाही. भराव अर्धा इंच आत गेलाय, हेही पाहिलं नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत अशी चूक मी केली नव्हती. मला तिथून लवकर निघायचं होतं, एवढंच कारण.

करारात एक कलम होतं. गावातल्या माणसांचा कुठलाही डेटा ठेवायचा नाही. स्वच्छ केलेली फाइल मंजूर झाली की मूळ फाइली नष्ट करायच्या आणि तसा फॉर्म भरायचा. मी फाइली नष्ट केल्या, फॉर्मवर टिक केली, खाली सही केली. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की काम असं असावं. त्या दिवशी मी आनंदात घरी गेले.

रविवारी वडिलांचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांना मी नाना म्हणते. फ्रान्समधली द्राक्षबाग बघायची का, विचारलं आणि फोन लॅपटॉपपुढे धरला. स्वच्छ केलेलं गाव त्यांना चौकातून, गल्लीतून, चर्चपाशी असं फिरवलं.

"माणसं कुठंयत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काढली.

"मंग बाग कोण बघतं?"

मी हसले. ते हसले नाहीत. शेडच्या मागे परत ने म्हणाले. तिथे वेलींच्या ओळी होत्या, मार्चमधल्या, पानं नसलेल्या. मला नुसती खोडं दिसत होती. नानांनी फोन डोळ्यांजवळ घेतला असावा, कारण मला फक्त त्यांचं कपाळ दिसायला लागलं.

"वरच्या समद्या बागा छाटल्यात. चांगल्या छाटल्यात, हात बसलेला माणूस आहे. ही शेडमागची एक वळ सोडलीय. दोन साल तरी कात्री लागली नाही तिला. काडीवर काडी चढलीय बघ."

मी म्हटलं, मजूर मिळाला नसेल.

"एका वळीला मजूर लागत नाही, पोरी. ज्याची वळ तो गेला असंल. आन् मागं जे उरलंय ते कोणाला हात लावू देत नसंल."

मागं जे उरलंय ते मी पुसलंय, असं मला एकदम वाटलं. नानांना ते मी सांगितलं नाही.

जुलैमध्ये भिंती तयार व्हायला लागल्या. मशीन फोमचे मोठे ठोकळे कापतं, त्यावर गिलाव्याचा हात देतात आणि मग आमचे उस्ताद त्याला दगड बनवतात. उस्ताद मिर्झापूरकडचे, साठीचे, खऱ्या दगडावर हात तयार झालेला माणूस. त्यांनी मला खाली बोलावलं. बाहेर उन्हात पाय ठेवता येत नव्हता, वर्कशॉपमध्ये मोठे पंखे गरम हवाच फिरवत होते. प्रेस हाऊसची भिंत उभी करून ठेवली होती. शटर अर्धं उघडं होतं, त्यातून ऊन तिरपं भिंतीवर येत होतं.

"मॅडम, दीवार में कोई खड़ा है," उस्ताद म्हणाले. ते घाबरले नव्हते. माल मोजून घ्यावा तसं सांगत होते.

रुमाल, खांदे, कोपरं, एप्रन. तिरप्या उन्हात ती भिंतीतून जराशी आत उभी होती. समोरून दिवा लावला की नाहीशी व्हायची, बाजूने प्रकाश आला की पुन्हा तिथेच. उस्तादांनी दोनदा गिलावा भरून, दगड कोरून तिला बुजवलं होतं. ओलं असेपर्यंत भिंत सपाट. सुकलं की जुन्या आणि नव्या गिलाव्यात फरक पडायचा आणि आकार परत वर यायचा. उस्ताद म्हणाले की दोन दिवस झाले, ही बाई न चुकता सकाळी हजर असते, हिचं हजेरीकार्ड काढा. पोरं हसली. मग त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की भिंतीत हे आलं कुठून. मी म्हटलं, माझ्याकडून. तिसऱ्यांदा ते अख्खा भाग कापून नवा बसवणार होते. त्यासाठी साहेबांची परवानगी लागणार होती. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, मी विचारते.

मी विचारायच्या आतच ऑफिसला एका फ्रेंच बाईची मेल आली. ती अबुधाबीला राहत होती, अकरा वर्षं. तिचं माहेर ते गाव. गाव आणि आमचं गिऱ्हाईक यांच्यात तिनेच बोलणं घडवून आणलं होतं, आणि काम हुबेहूब झालंय की नाही हे गावाच्या वतीने तीच येऊन बघणार होती. मेल चार ओळींची होती. तिची आई जूनमध्ये वारली. मोजणी चालली असताना आई मशीनपुढे उभी राहिली होती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आई आयुष्यभर कोणाला फोटो काढू देत नसे, त्यामुळे तिच्याकडे म्हातारपणचा एकही फोटो नाही. त्या फाइलमध्ये आई असेल तर तिची एक प्रत मिळेल का.

साहेबांनी मला कॉपी ठेवून उत्तर दिलं. करारानुसार आमच्याकडे कोणत्याही व्यक्तीचा डेटा नाही. उत्तर बरोबर होतं, आणि ते माझ्या टिकवर उभं होतं.

मी शोधलं. सर्व्हर, बॅकअप, जुन्या डिस्क. आयटीवाल्याने दोनदा शोधून हात झटकले, "खलास, मॅडम." मोजणीच्या कंपनीला लिहिलं, त्यांनीही त्याच कलमाखाली सगळं नष्ट केलं होतं. पूर्ण होती, एकही ठिपका हललेला नव्हता, अशी नऊ वेळा उभी राहिलेली बाई कुठेच उरली नव्हती. राहिलं होतं ते माझ्या चुकीमुळे भिंतीत उमटलेलं खड्ड्याचं रूप. उस्तादांना मी सांगितलं, भिंत आहे तशी जाऊ दे. साहेबांना विचारलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, ठीक है, हमने कुछ नहीं देखा.

सप्टेंबरमध्ये ती तपासणीला आली. हॉल दुबईत, एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर दुपारचे बारा वाजलेले, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. आत गेलं की संध्याकाळ. दिवे तसेच लावलेले, द्राक्षतोडणीच्या दिवसांतली साडेसहाची वेळ कायमची धरून ठेवलेली. लाउडस्पीकरमधून पाखरं बोलत होती, दर चार मिनिटांनी तीच पाखरं. चौक, हौद, घरांची दारं, सगळं मला पाठ असलेलं, आणि आता त्यात वजन होतं, सावल्या होत्या. दारं मात्र उघडत नव्हती. चढावर प्लास्टिकच्या वेली लावल्या होत्या, प्रत्येक वेलीला सारखेच घड. खाण्याची दुकानं अजून यायची होती. हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो, आणि साहेब फोन आला म्हणून चर्चपाशी गेले.

ती पन्नाशीची असावी. केस आखूड, पायात साधे बूट, हातात तपासणीचा फॉर्म. चौकात उभी राहून तिने सगळीकडे बघितलं. तिने कौतुक केलं नाही, नावंही ठेवली नाहीत. मग मला विचारलं की मी काय करते. इंग्रजीतच बोलत होतो आम्ही.

मी हे वाक्य कारलिफ्टमध्ये तीनदा मनात म्हणून बघितलं होतं. माझ्याविरुद्ध तक्रार गेली असती तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा आणि मुलीची शाळाही. तरी माझ्या तोंडून ते निघालं. मी म्हटलं, "गावातली माणसं काढायचं काम माझं होतं. तुमच्या आईंनाही मीच काढलं. नऊ ठिकाणांहून. फाइल मीच नष्ट केली, आता काही मिळण्यासारखं नाही."

"नऊ?" ती म्हणाली.

ती हौदाच्या काठावर बसली. तो फोमचा होता. पुढचं ती माझ्याकडे न बघता, हळू बोलत होती. आई असताना शेवटची चार वर्षं ती गावी गेली नव्हती. वडील वारले तेव्हा दोन दिवसांसाठी गेली, मग कामं, मग पुढच्या वर्षी, असं चाललं होतं. मोजणीचं मशीन येणार असं तिनेच आईला फोनवर सांगितलं. आईने विचारलं, ते जे बघेल ते तुला तिकडे दिसेल का. फोनवर आपण हो म्हणून टाकतो तसं ती हो म्हणाली.

"मला वाटलं, गंमत म्हणून एकदा उभी राहिली असेल," ती म्हणाली. "तिचे गुडघे गेले होते. नऊ ठिकाणी कशी गेली ती?"

मग मला जे आठवत होतं ते सगळं मी सांगितलं. लपवण्यासारखं आता काही नव्हतं, आणि त्या बाईला शेवटचं एवढं निरखून बघितलेलं माणूस बहुतेक मीच होते. रुमालाची गाठ हनुवटीखाली नव्हती, मागे होती. उजव्या हातावर डावा हात. एप्रनचा खिसा फुगलेला, आत काहीतरी होतं. एक मोजा घोट्यापर्यंत उतरलेला. पहिल्या आठ जागी ती सरळ होती, नवव्या जागी भिंतीला टेकली होती आणि शेजारी काठी उभी केली होती. ती काठीही मी पुसली. आधीच्या जागी काठी नव्हती, तेव्हा कोणीतरी आणून दिली असावी. ती ऐकत होती. खिशात कात्री असायची, असं तेवढं म्हणाली.

मी म्हटलं, शेडमागची एक ओळ छाटलेली नव्हती.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ती ओळ वडिलांची. वडिलांच्या मागे आई त्या ओळीला कोणाला हात लावू देत नव्हती, स्वतःलाही जमत नव्हतं. "हे मशीनला दिसतं?"

"मला नाही दिसलं. माझ्या वडिलांना दिसलं. ते द्राक्षं छाटतात."

कुठे, तिने विचारलं. मी सांगितलं. एप्रिलला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा, हेही सांगितलं. वर्षातून दोनदा, याचं तिला नवल वाटलं.

मग ती उठली आणि मी काही न दाखवता प्रेस हाऊसच्या गल्लीत शिरली. ती वाट तिला माझ्याहून जास्त पाठ होती. गल्लीत दिवा एकच, वर कोपऱ्यात, त्यामुळे प्रकाश भिंतीवरून घसरत खाली येत होता. ती भिंतीपुढे थांबली. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा हे बदला म्हणेल. तिने खड्ड्याच्या मधोमध, कमरेच्या जरा वर, बोट ठेवलं.

"इथे लोखंडी कडं होतं," ती म्हणाली. "खेचर बांधायचं. आमच्याकडे खेचर कधी नव्हतंच, पण कडं होतं. तुम्ही ते लावलं नाही."

"मला ते दिसलं नाही. त्या त्याच्यापुढे उभ्या होत्या."

तिने फॉर्म भिंतीला लावून त्यावर एकच ओळ लिहिली. भिंत सपाट करून इथे कडं बसवावं, माप सोबत. मग माप लिहिताना थांबली, कारण ते तिला बोटांत आठवत होतं, आकड्यात नाही. अंगठा आणि तर्जनी ताणून तिने हवेत धरली आणि मी त्यावर टेप लावून लिहून घेतलं. तक्रारीचा रकाना तिने कोरा सोडला.

मला वाटलं, संपलं. साहेबांचा आवाज चर्चकडून अजून येत होता. ती म्हणाली, कडं बसवायच्या आधी एक करशील का. मशीन कुठे ठेवलं होतं ते दाखव.

ती जागा मला अगदी बरोबर माहीत होती. गल्लीच्या तोंडाशी, समोरच्या भिंतीपासून दोन हातांवर, मी तिला तिथे उभं केलं. मग तिने मला भिंतीशी उभं राहायला सांगितलं. मी त्या खड्ड्यात पाठ लावून उभी राहिले. खांदे तिथे बसले नाहीत, मी उंच आहे. उजव्या हातावर डावा हात ठेवला. गिलावा थंड होता. पाखरं पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली होती.

ती तिच्या भाषेत बोलू लागली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, वीतभर खाली, माझ्या गळ्यापाशी बघून बोलत होती. तिची आई तेवढीच उंच होती. मी हलले नाही, श्वासही बेताने घेतला. आधी ती भरभर बोलत होती, जसं बरेच दिवसांचं साठलेलं सांगावं. मग एका जागी तिने काहीतरी विचारलं आणि थांबली. ती नुसती थांबली नव्हती, ऐकत होती. मान जराशी कलती करून पूर्ण ऐकून घेतलं, मग हसली, आणि जे ऐकलं त्याला उत्तर देऊ लागली.